कार्डाची मागची बाजू

रोम, गुरुवार दुपार

प्रिय लोइझ,

अक्षर ओळखलंस ना? माझंच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. लिहिणार तरी कुठं होते? तुझी बस असायची आज व्हिएन्नाला, उद्या प्रागला, परवा पॅरिसला. बस चालवणाऱ्याला पत्ता कसला! पत्ता होता तो मला. तू तिकडून कार्डं टाकायचास आणि मी इकडे गावात, ऑर्मोझमध्ये, ती मिरवायचे. आज आपण दोघं एकाच हॉटेलात आहोत. तू दुसऱ्या मजल्यावर ग्रेगाच्या खोलीत, मी तिसऱ्यावर एकटी, आणि तरी पत्र लिहायची पाळी आली. परवापासून तू माझ्याशी अवाक्षरही बोललेला नाहीस. उद्या सकाळच्या आगगाडीनं घरी निघणार आहेस म्हणे. तेसुद्धा मला ग्रेगाकडून कळलं. सहलीची बस चालवणाऱ्या परक्या माणसाला कळतं, आणि बायकोला नाही. तो बिचारा म्हणाला, "तिल्काकाकू, तुम्हीच बोला हो त्यांच्याशी. माझ्याशी ते फक्त टायरांबद्दल बोलतात."

पण बोलू काय? मी तोंड उघडलं की काय बाहेर पडतं, ते परवा फ्लोरेन्समध्ये आमच्या अख्ख्या गायनमंडळानं ऐकलंय. लाज वाटते रे. काल संध्याकाळी आम्ही बायका त्या मोठ्या कारंज्यापाशी गाणं म्हणायला उभ्या राहिलो, तर माझा आवाजच फुटेना. गाणं बसवणारी झ्देन्का हात हलवून खुणा करतेय, आणि मी मासोळीसारखी नुसती तोंड उघडझाप करतेय.

मूळ दोष माझा आहे. झ्देन्का हिवाळ्यातच म्हणाली होती, फ्लोरेन्सला गाईड घेऊ. मीच नाक वर करून म्हटलं, "गाईड कशाला? माझ्या लोइझनं निम्मा युरोप पालथा घातलाय. तिथल्या चित्रातल्या बायका त्याला नावानं ओळखतात!" सगळ्या हसल्या. मला केवढा चेव चढला! घरी आले तर तू बूट पॉलिश करत बसला होतास. तू मान खाली घालून म्हणालास, "तिल्का, गाईड घ्या." मी म्हटलं, "पुरे झाला विनय." तू आणखी काहीतरी सांगायला गेलास, पण मला कोबी चिरायचा होता. माझा कोबी नेहमी तुझ्या बोलण्याच्या आड येतो.

मग मंगळवार. बसनं आम्हाला नदीकाठी उतरवलं. संग्रहालयाच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली, ती टळली की दार बंद, हे झ्देन्का सकाळपासून घोकत होती. मी म्हटलं, "चल लोइझ, हो पुढं." तू पुढं झालास. मागं सगळ्या बायका, चांगल्या कपड्यांत, दगडी रस्त्यावर टाचा अडखळताहेत. तू एका वळणावर थांबलास, परत फिरलास, पुन्हा थांबलास. तुझे कान लाल झाले होते, लोइझ. मला ते दिसले. दिसले, आणि तरी मी म्हटलं, "पाय उचल की जरा!"

आणि तू आम्हाला कुठं आणून उभं केलंस, तर वजडीच्या गाडीपाशी. वाफाळलेलं पातेलं, पावांचा ढीग, आणि एप्रन बांधलेला तो म्हातारा "लुईजी! लुईजी!" करत बाहेर धावला आणि तुझे दोन्ही गाल ओढले. सगळ्या फ्लोरेन्सात तुला ओळखणारा तो एकटा माणूस. झ्देन्का म्हणाली, "अगं तिल्का, आम्ही जगप्रसिद्ध चित्रं बघायला आलो, तुझे गाईडसाहेब आतडी दाखवायला घेऊन आले!" हशा पिकला. मी कुणावर उखडावं? झ्देन्कावर? छे! तुझ्यावर. "वर्षानुवर्षं इथं येतोयस आणि साधं दार ठाऊक नाही तुला? करत काय होतास, झोपा काढत होतास?"

तू म्हणालास, "हो. झोपायचो."

एवढंच. आवाज न चढवता. पुढचं ग्रेगानं मला काल सांगितलं. म्हणाला, "काकू, लोक आत चित्रं बघतात तेव्हा चालकानं झोपायचंच असतं. नाही झोपला तर संध्याकाळी घाटात बस कुठं जाईल?" आणि सहलीच्या बसगाड्या दारापर्यंत जातच नाहीत, लांब मैदानात उभ्या राहतात, हेही त्यानंच सांगितलं. तू तिथं मागच्या सीटवर बूट काढून झोपायचास, म्हणून कुणाच्या कुणाच्या बायका सुखरूप घरी पोचायच्या. हे मला एका परक्या माणसाकडून समजावं! आम्हाला परवा दार सापडलं तोवर वेळ टळली होती. बाहेरचे पुतळे बघून परत आलो, आणि वाटभर बायका जे बोलल्या ते तू निमूट ऐकलंस.

पण सगळ्यात जास्त सलतंय ते निराळंच. मी तुला टाकून बोलले, त्यानंतर त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट करून तुला काहीतरी विचारलं. त्यात माझं नाव होतं. "तिल्का?" असं, हसून. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी पाठ फिरवली. त्यानं पुढं केलेला पाव तसाच त्याच्या हातात राहिला.

रात्री पडल्या पडल्या आठवलं, हा नेल्लो तर नव्हे? तुझ्या कार्डातला? पुढं फ्लोरेन्सच्या पुलाचं चित्र होतं, आणि मागं तू लिहिलं होतंस की नेल्लो वजडीवर हिरवी चटणी घालतो, पण रस्सा खावा तर तिल्काच्या हातचाच. मग एकेक आठवत गेलं. पॅरिसच्या मनोऱ्याच्या कार्डामागं होतं, पाऊस आहे, डावा वायपर मोडला. व्हिएन्नाच्या राजवाड्यामागं, बस लावतो तिथं चेस्टनटचं झाड आहे, एक म्हातारी माझ्यासारखाच रुमाल बांधून चिमण्यांना दाणे टाकते. लोइझ, तू एकाही कार्डात लिहिलं नाहीस की मी हे आत जाऊन पाहिलं. खोटं तू कधी बोललाच नाहीस. पुढचं चित्र बघून "आमचा लोइझ काल राजवाड्यात होता" असं गावभर मीच सांगत सुटले. आणि केलं काय त्या कार्डांचं? गाण्याच्या तालमीच्या खोलीत मोठा फळा करून, खळ लावून, सगळी ओळीनं चिकटवली. चित्रं पुढं. तुझं अक्षर भिंतीकडे. आता काढू म्हटलं तरी निघायची नाहीत, फाटतील. मला आठवतात तेवढीच उरली.

उद्याचं पोपच्या संग्रहालयाचं माझं तिकीट मी झ्देन्काच्या बहिणीला देऊन टाकलंय. झ्देन्का म्हणाली, "वेडी आहेस का? तिथलं रंगवलेलं छत बघायला जगभरातून लोक येतात." म्हटलं, छत मला घरी आहे. आगगाडीनं जाऊ नकोस, लोइझ. बायका आत गेल्या की मी बस लावतात तिथं येऊन बसेन. तू इतकी वर्षं कुठं बसायचास, कुठल्या नळाचं पाणी प्यायचास, कुठल्या झाडाखाली डुलकी काढायचास, ते मला दाखव. मी मधे बोलणार नाही, कोबीची शपथ. झोप आली तर झोप, मी बाजूला बसून राहीन. आणि शनिवारी परतताना फ्लोरेन्सला जेवायला थांबायचं ग्रेगानं कबूल केलंय. म्हणून हे पत्र. नेल्लोच्या गाडीशी मला घेऊन जा. बायका हसल्या तर हसू देत. त्यानं परवा काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ग्रेगाकडून नेल्लोच्या भाषेत वाक्य पाठ करून घेतलंय, सकाळपासून म्हणून बघतेय: होय, तिल्का ती मीच.

तुझीच,
तिल्का