कडू तेवढं कळतं

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. दुकानात पाऊल टाकलं तर अकरा श्रवणयंत्रं दुरुस्तीची वाट बघत बसलेली. त्यातलं एक तर कुणीतरी पँटच्या खिशात विसरून पँटसकट धुतलेलं.

लिहिण्याचं कारण वेगळंच. तुमच्याकडे चार दिवस होते आणि चारही दिवस तुमचा सकाळचा चहा कपातच निवला. विचारलं तर म्हणालात, चहाच्या कंपनीत दिवसाला दोनशे पेले चाखून थुंकणाऱ्या माणसाला घरच्या चहाचं काय अप्रूप! पण हे अप्रूप चाळीस वर्षं टिकलं होतं, ते आताच कुठे गेलं? म्हणून सोबत माचाचा डबा आणि बांबूची रवी पाठवते आहे. सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहाच्या पानांची ही भुकटी. गाळून टाकायचं काही नाही, सगळं पानच पोटात जातं. मी गेलं वर्षभर रोज न्याहारीनंतर एक पेला घेते. दुपारची डुलकी गेली आणि चार कप चहाचा एक झाला. सपाट चमचाभर भुकटी चाळून घ्या, उकळी मोडलेलं पाणी थोडं घाला आणि रवीनं फेस येईपर्यंत घुसळा. संध्याकाळी घेऊ नका, झोप उडेल. साखर घातलीत तर मला कळवू नका.

माया आहे हे माहीत आहे, तरी कागदावर वाचायला बरी वाटते.

तुमची,
ठकी

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
बाबाचे अ. उ. आ.

डबा पोचला. तीन दिवस नुसता टेबलावर ठेवला होता. मी काळ्या चहाचं मीठ खाल्लेला माणूस. उतारवयात हिरव्याशी घरोबा केल्याचं कंपनीत कळलं तर तोंडाला काळं नव्हे, हिरवंच फासतील.

चौथ्या दिवशी धीर केला. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या, कारण चाळायचा आळस केला. दुसऱ्या दिवशी जमलं. आधी पाणी खळखळतं, मग फेस धरू लागला की रवीचा आवाज मऊ पडतो. रंग तर असा की पेल्यात दिवा लावल्यासारखा. आता रोज सकाळी सातला, पावाच्या दोन तुकड्यांनंतर घेतो. एकही दिवस चुकवलेला नाही.

बाकी ठीक. परवा पेपर वाचताना दूध करपलं. डोळे चुरचुरले तेव्हा कळलं, तोवर पातेलं कामातून गेलं होतं. कंपनीत आमच्या चष्मेवाल्या बाई हल्ली फार कडक झाल्यात. बारा वर्षं माझ्या हाताखाली आहेत, पण आता प्रत्येक नमुना माझ्या आधी त्याच चाखतात. मी चाखू देतो. वय झालं की माणसानं रांगेत मागे उभं राहायला शिकावं.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, पातेल्यासारखा करपलेला नाही.

तुझा,
बाबा

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या कानाला हसते आहे. तुम्ही रोज घेता हे वाचून फार बरं वाटलं. पहिला डबा आता तळाला गेला असेल, म्हणून दुसरा पाठवते. त्याच दुकानातून दोन घेतले, एक तुम्हाला, एक मला. नवं पातेलं तुम्हीच घ्या. मी घेतलं तर म्हणाल, ठकी बुडाला पातळ भांडं घेते.

चूकभूल माफ आहेच, लोभही असू द्यावा.

तुमची,
ठकी

ता. १२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. तो दुसरा डबा फेकून द्या. माझा आज उघडला आणि झाकण काढल्याबरोबर खोलीभर वास सुटला, ओल्या गोणपाटाचा आणि कुजक्या मासळीचा. दुकानदारानं हुंगला, कानाच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाला, गोदामात पाणी शिरलं होतं, सगळा माल परत मागवतो आहे. तुम्ही तर झाकण उघडायच्या आधीच ओळखलं असेल. माझ्या नावानं दोन शिव्याही घातल्या असतील. त्या जमा करून ठेवा, भेटीत घेईन.

तुमची,
ठकी

ता. १२ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

दुसरा डबा सोमवारी पोचला. लगेच सुरू केला. पहिल्याइतकाच उत्तम आहे. फेस किंचित कमी येतो, पण तो माझ्या मनगटाचा दोष असेल. दुकान चांगलं शोधलंस.

कंपनीत एका लॉटवरून थोडी धुसफूस झाली. लिहिण्यासारखं नाही. पातेलं घेतलं, बुडाला जाड आहे.

तब्येतीला जप. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
बाबा

ता. २० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. तुमचं मी तीनदा वाचलं.

माझ्याकडे एक शिंपी येतात. कुणी काही बोललं की ते आधी हसतात, मग मान हलवतात, मग गिऱ्हाइकाचाच शेवटचा शब्द परत म्हणतात. दोन वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता. बायको म्हणायची, आमचे हे फार समजूतदार झालेत. एकदा कुणाच्या तरी मरणाची बातमी ऐकून ते हसले, तेव्हा उघडकीला आलं. यंत्र बसवून घेताना मला म्हणाले, बहिरेपण सोसता येतं, रोजचं नाटक सोसवत नाही.

बाबा, तुम्ही भुकटीचा रंग लिहिलात, फेस लिहिलात, रवीचा आवाजसुद्धा लिहिलात. वास एकदाही लिहिला नाहीत. पातेलं जळलं ते तुम्हाला डोळ्यांनी कळलं. आणि कुजका डबा तुम्हाला उत्तम लागला. लहानपणी तुम्ही माझं दप्तर हुंगून सांगायचात की डब्यातली काकडी कालची आहे.

मी चुकत असेन तर कान उपटा. नसेन तर लिहा. रागावलात तरी लोभ ठेवा.

तुमची,
ठकी

ता. २९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

चुकत नाहीस.

ऑक्टोबरात ताप आला होता, तुला साधा म्हणून कळवला होता. उठलो तेव्हा नाक गेलेलं. साबण, रस्ता, उकळता चहा, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. सर्दी आहे, उतरेल म्हणून वाट पाहिली. सहा महिने होत आले. जिभेला गोड, खारट, कडू कळतं. पण चहा जिभेवर नसतो, नाकात असतो. नव्या माणसांना हे मीच शिकवत आलो.

काम डोळ्यांवर निभावलं. पानाची गुंडाळी, पेल्याच्या कडेची झळाळी, हे अजून वाचता येतं. उरलेलं बाईंच्या चेहऱ्यावर वाचत होतो. पाणी धरलेला माल तोंडात आला की त्यांचा चष्मा नाकावरून किंचित खाली येतो. एकदा त्या चष्मा पुसत होत्या आणि मी एक लॉट पास केला. त्याला बुरशीचा वास होता. बाईंनी तो गुपचूप अडवून ठेवला. माल का अडला म्हणून मोठ्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मी शेजारी उभा होतो. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या आणि मी पेल्यांकडे बघत होतो. त्यांना सगळं ठाऊक आहे, बहुधा डिसेंबरपासूनच. ही ती धुसफूस.

तुझ्या भुकटीबद्दल मात्र मी खोटं लिहिलं नाही. बाकीचे सगळे चहा माझ्यापुरते गरम पाणी झाले होते. ही कडू लागली, जिभेला धरून राहिली, घसा थोडा कोरडा करून गेली. तोंडात काहीतरी आहे, हे इतक्या महिन्यांत प्रथमच कळलं. म्हणून रोज घेतो. दुसरा डबाही कडूच होता, त्यामुळे फसलो. पोटाला काही झालं नाही. उरलेला तुझं पत्र आलं त्याच दिवशी टाकून दिला.

पुढे काय करावं ते सुचत नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
बाबा

ता. ५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गॅस गळला तर वाजणारं यंत्र सोबत पाठवते आहे. ते शेगडीजवळ बसवून घ्या, आजच. तुमच्या गावातल्या नाकाच्या डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिला आहे, फोन मी केला आहे. माचा ताजा आहे, या वेळी दोनदा हुंगून घेतला. एका पेल्यापेक्षा जास्त नको.

कंपनीचं तुम्ही ठरवा. मी सांगितलं म्हणून काही करू नका. फक्त, झापून घेतलेल्या त्या बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

तुमच्या मायेवर माझा हक्क कायम आहे.

तुमची,
ठकी

ता. २४ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणतात, थोडंफार परत येईल किंवा येणारही नाही. रोज दोनदा वेगवेगळ्या वासांच्या चार बाटल्या हुंगायच्या आहेत, तीन महिने. हुंगतो. अजून चारही सारख्याच आहेत.

आठवी तारीख होती. बाईंना बरोबर घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. लॉट माझ्या चुकीनं पास झाला होता आणि बोलणी त्यांनी खाल्ली, हेही सांगितलं. साहेब आधी हसले, थट्टा वाटली असेल. मग उठून त्यांनी दार लावलं. म्हणाले, निवृत्तीला आठच महिने आहेत, बोभाटा कशाला, बाई चाखतील आणि सही तुम्ही करा. मी म्हणालो, जीभ ज्याची सही त्याची. मग साहेबांनी बाईंची माफी मागितली. आता आठवड्यातून दोन दिवस जातो, नव्या माणसांना पान बघायला शिकवतो. बाहेर आल्यावर बाईंनी ना आभार मानले, ना दोष दिला. एवढंच म्हणाल्या, की बारा वर्षं माझी खुर्ची खिडकीपाशी होती, ती आता त्या घेणार. घेतलीही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी दुसऱ्या कंपनीतले एक चाखणारे दारात उभे! लिलावात तीस वर्षं माझ्यासमोर बसून माझा प्रत्येक भाव खोडणारा माणूस, पण घरी कधी आला नव्हता. तीन जिने चढून धापा टाकत होते. वाटलं, समाचाराला आले, नाहीतर मजा बघायला. माझ्या सातच्या पेल्याची वेळ होती, म्हणून त्यांच्यासाठीही एक घुसळला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग खालच्या आवाजात विचारलं, मी किती दिवस निभावलं, आणि चाखायच्या खोलीत सर्वांत आधी कुणाला कळलं.

मी म्हणालो, सहा महिने. ते म्हणाले, त्यांना चौदा झालेत.

मंगळवारी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जातो आहे. कंपनीत सांगणार का, ते मी विचारलं नाही.

तू खुशाल राहा, लिहीत राहा.

तुझा,
बाबा