अर्ध्या कोयत्याची मान

ती. माईला बीडहून सुनिताचा नमस्कार.

मी ठणठणीत हाय, जेवणाची आबाळ न्हाई. फक्त डोकं लई तापलंय.

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना धंदा उभा करायला शिकवते ना, त्यांनी ऊसतोडीसाठी फोमची चुंबळ बनवली. डोक्यावर मोळी घेताना मानेला आधार देणारी. काल स्पर्धेचे परीक्षक आले होते, पुण्याचे. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक किती?" पोरं म्हणाली, "आमच्या गावातून दोनशे कोयते जातात." साहेब म्हणाले, "म्हणजे दोनशेच माणसं!"

मी ताडकन उठले. "सर, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. चारशे धरा."

तर हसून म्हणतात, "बाई काय, मदतीला असते. तिला कशाला धरायचं?" आमचे प्राचार्यही हसले, माय!

मी विचारलं, "मग मोळ्या कुणाच्या डोक्यावर असतात?" साहेबांनी पुढचा कागद उलटला. नंबर दुसऱ्याच पोरांना दिला.

तुझी मान अजून दुखते का गं? दादाच्या हाती चुंबळ पाठवतेय. हंडा घेऊन बघ, कुठं टोचते ते सांग. उगं 'चांगली हाय' म्हणू नको. वीस वर्षं अर्धा कोयता होतीस, आता आमचं पहिलं गिऱ्हाईक हायस. तक्रार कर, माय. एकदा तरी कर.

तुझीच तापट लेक,
सुनिता