खोगीरभरतीचा पहिला अर्थ

मी, यशोदा दत्ताराम आरोंदेकर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने लिहिते. डोळे अधू झाले आहेत, डोके जाग्यावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी राहिलेले नाही.

१. राहते घर, विहीर आणि परसातले सात माड माझी एकुलती मुलगी किशोरी हिला. अट काही नाही. विकावे, कुलूप घालावे, तिची मर्जी. माझे दीर बाबली म्हणतात, "जी नव वर्सां हय फिरकाक नाय, तिका घर कित्याक?" त्यांना उत्तर म्हणजे हे कलम.

२. यजमानांची हत्यारे: दाभणे, सुतळीचे गुंडे, काथ्या पिंजायची काठी. यजमान काथ्याच्या गाद्या भरत. त्यांचे आजोबा सावंतवाडीस संस्थानच्या घोड्यांची खोगिरे भरीत. खोगीर म्हणजे जिनाखाली घोड्याच्या पाठीवर घालायची गादी. भरती कमी पडली तर घोड्याची पाठ सोलते, म्हणून आमच्या घरात खोगीरभरती हा मानाचा शब्द होता. काम मनासारखे झाले की यजमान म्हणायचे, "ही खरी खोगीरभरती!" फोमच्या गाद्या आल्या आणि धंदा बसला. हत्यारे मागेल त्याला द्यावीत. कोणी मागणार नाही.

३. शब्दकोश. मी शाळेत गेले नाही. अक्षरे यजमानांनी ओळखवली, पुढचे माझे मी वाचत गेले. कोश सावंतवाडीच्या बाजारात जुना घेतला. त्याचा मला गर्व होता, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

किशोरीच्या पाठवणीच्या वेळी मी व्याह्यांना सगळ्यांसमोर म्हटले, "आमची किशोरी म्हणजे खोगीरभरती. तुमच्या घरात कोणाला काही टोचू देणार नाही." ते निवृत्त मास्तर. म्हणाले, "विहीणबाई, म्हणजे नुसतं भरताडच ना!" मांडव हसला. मला वाटले, कौतुकाने हसले.

वर्षाने ती आली. म्हणाली, "आये, थंय माका त्याच नावान हाक मारतत. 'खोगीरभरती, पाणी हाड.' बारकी पोरां पण."

तेव्हा तिला जवळ घ्यायला हवे होते. मी कोश काढला. "शब्द वायट नाय गो. ह्या बघ, खोगिरात भरायचा सामान." तिने माझे बोट बाजूला केले आणि खालची ओळ मोठ्याने वाचली: "निरुपयोगी माणसांचा भरणा." ती ओळ मी कधी वाचली नव्हती. पहिला अर्थ मिळाला की मी कोश मिटत असे.

तरी मी म्हटले, "पयलो अर्थ तो पयलोच."

"तू तुझो कोश सांभाळ," ती म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

चूक मला त्याच दिवशी कळली. कबूल करायला दोन वर्षे लावली. मग तीन पत्रे पाठवली, तिन्ही न उघडता परत आली. व्याही आता वारले. त्यांच्यावर राग नाही. शब्द माझ्या तोंडचा होता. कोश गावच्या वाचनालयाला द्यावा. किशोरीला देऊ नये.

४. माझ्या कानातल्या कुड्या शेजारच्या अनुजाला. तीन वर्षे ती मला दवाखान्यात नेते-आणते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. मी गेल्यावर अनुजाने किशोरीला फोन करावा, पण माझा देह तिच्यासाठी थांबवू नये. यजमान गेले तेव्हा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ठेवले होते. दर गाडीच्या आवाजाला लोक उठून रस्त्याकडे बघत. ती आली नाही. बाप तर तिला कधी वावगा शब्द बोलला नव्हता. मला लगेच न्यावे.

लिहिणारीची सही: यशोदा दत्ताराम आरोंदेकर

यशोदाबाईंनी वाचून दाखवून आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार: १. गंगाराम सखाराम रेडकर २. दिव्या अजय मठकर

शिरोडा, दिनांक १८ नोव्हेंबर २०२४