सतरा सप्टेंबरची शपथ

अर्विंग, २८ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मनोहरदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते. अमेरिकेच्या सिटिझनशिपची टेस्ट पास झाले ना, तिच्या शपथेची तारीख आली. सतरा सप्टेंबर, सकाळी नऊ. आणि दादा, तेव्हा पितृपक्ष आहे! त्यात इकडच्या पंचांगाप्रमाणे ह्यांची तिथीसुद्धा त्याच दुपारी लागते.

शपथेत जुन्या देशावरची निष्ठा सोडली, असं हात वर करून म्हणायचं असतं. जो माणूस पंचवीस वर्षं पंधरा ऑगस्टला सोसायटीचा झेंडा स्वतः बांधायचा, त्याच्या तिथीला त्याच्या बायकोने हे म्हणायचं? माझ्याच्याने नाही होणार. तारीख बदलून मागायचा अर्ज मी लिहून ठेवलाय.

सिद्धेश म्हणतो, आई, मग पुढची तारीख कधी मिळेल ते देव जाणे. तिकडे आरोहीला डॉक्टरांनी बाळंतपणासाठी डिसेंबर सांगितलाय. अडतिसाव्या वर्षी, दोनदा निराशा झाल्यावर, नागपुरात एकटी आहे लेक माझी, सासूही नाही. ग्रीन कार्डावर गेले तर सहा महिन्यांच्या आत परत पळायचं, नाहीतर एअरपोर्टवर प्रश्नांची सरबत्ती. सिटिझन झाले की तो धाक नाही, आणि मला तिच्याजवळ चांगलं वर्षभर राहायचंय. पण त्यासाठी ह्यांना दुखवू? काय करू, सांग.

कांचनवहिनींना नमस्कार. चिडलास तरी माया आटवू नकोस.

तुझी,
नीलू


ट्रॉय, २ सप्टेंबर

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मी अजिबात चिडलो नाही. कांचनला विचार, फक्त दोनदा कपाळाला हात लावला. अगं बाई, लग्नमुंज आहे का ती? सरकारी काम आहे. रिटायर झाल्यापासून मी रोज चहाबरोबर कांचनला दिनविशेष वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक आहे. आता तूही ऐक.

सतरा सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियात या देशाच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. त्यात एक्क्याऐंशी वर्षांचे एक आजोबा होते. म्हणाले, यातलं सगळंच मला पटलेलं नाही, तरी सही करतो. त्यांचा कित्ता गिरव. सतरा सप्टेंबर १८४९. हॅरिएट टबमन गुलामगिरीतून निसटली. बरोबरचे भाऊ घाबरले, तिलाही परत घेऊन आले, मग ती एकटीच निघून गेली. भाऊ लोक हे असेच, पण मी तुला पुढे ढकलणाऱ्यांतला आहे. १९७६ ला याच दिवशी पहिलं स्पेस शटल लोकांना दाखवलं. एवढं सगळं पितृपक्षाला न विचारता झालं! तो अर्ज पाठवू नकोस.

मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर धाड, मी रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत फेऱ्या घालतोय.

तुझा,
दादा


अर्विंग, ७ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

लबाड कुठला! काल लायब्ररीत जाऊन तुझा सतरा सप्टेंबर पडताळून पाहिला. १८६२ ची, इथल्या यादवी युद्धातली अँटीटमची लढाई कुठे गेली? एका दिवसात तेवीस हजार माणसं मेली, जखमी झाली नाहीतर बेपत्ता झाली. ठाऊक नव्हतं म्हणू नकोस, गेल्या वर्षी ते मैदान बघून फोटो तूच पाठवले होतेस. सोयीचं तेवढं सांगायचं, हा कुठला दिनविशेष?

पण खरं सांगू? तुझ्या शुभ गोष्टींनी मी तसूभरही हलले नव्हते. त्या लढाईने हलले. तिथेच बसून रडले रे. किती बायकांचे नवरे त्या दिवशी गेले असतील! दरवर्षी तो दिवस आला की त्या रडत असतील, आणि याच देशात पोरंबाळं वाढवत असतील. एका दिवसात त्यांचं दोन्ही मावलं. मग माझंही मावेल. शपथ सकाळी, ह्यांचं पान दुपारी.

अर्ज फाडून टाकला. तरी धाकधूक आहेच. ते वाक्य माझ्या तोंडून निघेल ना?

असाच पाठीशी राहा, लबाड असलास तरी.

नीलू


ट्रॉय, ११ सप्टेंबर

चि. नीलूस आशीर्वाद.

चोरी कबूल. अशुभ लपवायची खोडच आहे मला. म्हणून आजवर तुला एक सांगितलं नाही, कांचनलाही नाही. माझ्या शपथेच्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास रडत बसलो होतो. तरी वाक्य निघालं. तुझंही निघेल.

दादा


अर्विंग, १८ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

झालं काल! एकेका देशाचं नाव घेत होते, त्या त्या लोकांनी उभं राहायचं. इंडिया म्हटलं आणि मी खुर्चीला धरून उठले. शेजारच्या इथिओपियाच्या बाईने न विचारताच हात धरला. ते वाक्य आलं. मग मनात ह्यांना म्हटलं, अहो, लेकीसाठी म्हणतेय, रागावू नका. आणि म्हणून टाकलं, चांगलं मोठ्याने.

घरी आले, पदर खोचला. सूनबाईने, चारुताने, मीटिंग कॅन्सल करून वडे तळले. खीर, कढी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. पान वाढताना ह्यांच्या फोटोकडे बघायची भीती वाटत होती, पण बघवलं.

मग आरोहीला फोन केला. नोव्हेंबरात येतेय म्हटलं. तिने विचारलं, परत कधी जाणार? अकरा वर्षं ती पहिलं हेच विचारते. म्हटलं, तू घालवशील तेव्हा.   रडायलाच लागली पोर.

वहिनींना नमस्कार, तुला अर्धाच, लबाडीबद्दल.

तुझी,
नीलू