ओंडक्यावरचं भूछत्र

तीर्थस्वरूप ताईंना,
साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सगळं ठीक, म्हणजे विषबाधा टळली आहे.

तुमचे धाकटे बंधू निवृत्त झाल्यापासून रानात भूछत्रं ओळखत फिरतात. (जन्मभर कापड गिरणीत रंग जुळवले, आता चुका काढायला मी एकटीच उरले.) परवा कुजक्या ओंडक्यापाशी त्यांना तपकिरी छत्र्या सापडल्या. पुस्तक म्हणतं, रूपावर भुलू नका. देठ काढून छत्री कागदावर ठेवा, वर वाटी झाका. छत्रीखालच्या पातळ पट्ट्यांतून पूड झडते. ती गुलाबी असेल तर ओंडक्यावरचं ते नेहमीचं, निरुपद्रवी भूछत्र असण्याचा संभव. पांढरी पडली तर मात्र विषारी निघू शकतं, तोंडात घालू नका.

यांनी मुद्दाम काळा कागद घेतला. सकाळी वाटी उचलली, तर पीठ चाळल्यासारखी पांढरीशुभ्र नक्षी! हे म्हणाले, "बघ, गुलाबी! जरासा बदामीकडे झुकतोय, एवढंच."

"अहो, पांढरं आहे."

"तुला रंगातलं काय कळतं? घाल कढईत."

मी वाद घातला नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमच्या हातात झाडाचं एकेक पान द्यायच्या आणि आधी पोटभर बघायला लावायच्या, मगच बोलायची परवानगी. तशी मी बघत राहिले. भूछत्राकडे नाही, यांच्याकडे. ताई, याच माणसाने एकदा नमुना न नेता, नुसत्या आठवणीवर माझ्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरची लोकर आणली होती. जोड कुठे आहे ते मलाही सापडायचं नाही. हल्ली चहा कपाबाहेर ओततात आणि कपावर चिडतात.

रानातली भूछत्रं मी गुपचूप मातीत पुरली आणि दुकानातली, पाकिटातली परतून वाढली. "रानातली चव ती रानातली!" म्हणत यांनी पुन्हा मागून घेतली.

तुमची,
भावजय

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला की हे उठून जातात. तुमच्यापुढे मात्र अजून आवाज चढत नाही. येऊन दटावाल का? मी कळवलं असं म्हणू नका.

आणखी ता. क. एवढं लिहीपर्यंत हे मागे येऊन उभे. लपवायलाही वेळ मिळाला नाही. पत्र हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "छान लिहिलंयस. ताईला माझाही नमस्कार कळव."

लवकर या.