रजा नामंजूर

आप्पा, काल टीव्हीवर कबड्डीच्या पोरांची बोली लागताना बघितली आणि तुमची फार आठवण आली. तुम्ही असता तर हातातला चहा तसाच ठेवून म्हणाला असता, "खेळायचे पैसे घेतात?" आणि जरा वेळानं हळूच, "किती गं?"

सातपूरच्या कारखान्यानं तुम्हाला घेतलं ते चढाई बघून, त्यांच्या संघासाठी, कागदावर मात्र तुम्ही हेल्पर. दरवर्षी कबड्डी संघटनेचा फॉर्म यायचा, मी हौशी खेळाडू आहे, खेळण्याचा मोबदला घेत नाही, असं लिहिलेला. तुम्ही हात स्वच्छ धुऊन त्यावर सही करायचा आणि सही वाळेपर्यंत आईला फॉर्मला हात लावू द्यायचा नाही. मला त्या सहीचा फार अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

माझ्या शाळेतल्या शर्यतीला नक्की येतो म्हणाला होतात तुम्ही. आला नाहीत. संध्याकाळी संघातल्या दोघांनी धरून तुम्हाला घरी आणलं, गुडघ्याला हे एवढं बँडेज, आणि बसायच्या आधी खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. "बघ, मागितली होती रजा. साहेबानं नाय दिली." अर्जावर लाल शाईत लिहिलं होतं, नामंजूर, संघाबरोबर जाणे आवश्यक. मी तो कागद कंपासपेटीत कोंबला आणि एक शब्द सोडला तर आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. जपून ठेवला तो रागानं, दुसरं काही नाही.

गुडघा काही धड झाला नाही. कंपनीनं कामाला अयोग्य म्हणून काढलं, तेव्हा युनियनचे काका तुम्हाला कामगार कोर्टात घेऊन गेले. कंपनीच्या वकिलानं तुमचाच फॉर्म पुढे केला. हौशी खेळाडू मैदानात पडला, तर ती कामावरची दुखापत कशी? तुम्ही म्हणालात, "सही माझीच आहे. खेळायचे पैसे मी कधी घेतले नाय." काकांनी कपाळाला हात लावला. घरी येऊन ते विनवत होते, एकदा म्हणा की नोकरी म्हणून खेळत होतो. तुम्ही ऐकेनात. "आवडतं म्हणून खेळलो. खोटं कसं बोलू?" आई चुलीपुढे बसून रडत होती. मी उठले आणि कंपासपेटी आणली.

पुढच्या तारखेला मी आईबरोबर मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी अर्ज वाचून विचारलं, त्या दिवशी न खेळण्याची मोकळीक होती का? "नव्हती साहेब. मला पोरीची शर्यत बघायची होती. दुसरी आली ती, माझी बघायची राहिली." खेळ हौसेचा असला तरी त्या दिवसाचं जाणं कंपनीच्या हुकमानं होतं, असा निकाल लागला, आणि तुम्हाला परत घेतलं, हत्यारांच्या स्टोअरमध्ये, बसून करायच्या कामावर. काय मजेत गेली ती वर्षं. दिवसभर पाने-पक्कड मोजून द्यायचे, संध्याकाळी मैदानात खुर्ची टाकून पोरांवर ओरडायचं.

हे पत्र कुठे टाकणार, त्याच कंपासपेटीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी एवढ्या कळा येत असताना तुम्ही विचारलंत, कितवी आलीस, आणि मी म्हणाले दुसरी. आप्पा, मी सुटतानाच पडले होते, सगळ्यात शेवटची आले. त्या कोर्टात तुम्ही एकच गोष्ट खोटी बोललात, आणि ती माझी होती.