नलूबाईंचं शून्य

३ फेब्रुवारी, शनिवार

शून्य! बोटं वाकडी, मनगटं सुजलेली, आणि सांधेवातावर मी तयार केलेल्या वीस प्रश्नांवर नलूबाईंचे गुण शून्य. वेणी घालता येते? जमते. हुक लावता येतात? जमते. कणीक? तीही जमते! प्रत्येक प्रश्नाला तीनपर्यंत गुण. जितकी अडचण, तितके जास्त. एकूण दहाच्या वर गेले तरच अपंगत्वाच्या दाखल्यासाठी नाव पुढे जातं. बाई त्या दाखल्यासाठीच आल्या होत्या आणि स्वतःचाच पत्ता कापून गेल्या. राग आला मला.

तीन आठवड्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारायचे. सांधे तेच, तर उत्तरंही तीच यायला हवीत. नाहीतर माझी चाचणी कच्ची.

५ फेब्रुवारी

माझे मार्गदर्शक उमाकांत सर म्हणाले, आकडे बरे दिसताहेत, उगाच उकरत बसू नकोस.

७ फेब्रुवारी, बुधवार

न राहवून कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ ला नलूबाईंकडे गेले. भर दुपारी क्वार्टरचं दार बंद, खिडक्याही बंद. बऱ्याच वेळाने उघडलं. नलूबाई खुर्चीत, अर्धी वेणी झालेली — आणि फणी नवऱ्याच्या हातात! शालिकराम, प्लांटमधून रिटायर झालेले, दारात मावणार नाहीत एवढे धिप्पाड. ओट्यावर त्यांनीच मळलेली कणीक.

मग 'जमते' का म्हणालात, मी विचारलं.

"घरात होऊन राहिलं नं सगळं," नलूबाई म्हणाल्या. "यायनं केलं का म्या केलं, एकच."

शालिकराम फाटकापर्यंत सोडायला आले. "मॅडम, हे कागदावर लिहू नका. नवऱ्याले राबवते म्हणून सेक्टरभर हसतील हिले."

मी हो म्हटलं. मूर्ख!

१९ फेब्रुवारी

दाखल्यासाठी नावं गेली. नलूबाईंचं नाही. शब्द पाळला, तरी चोरी केल्यासारखं वाटतंय. प्रश्नच चुकला — 'जमतं का' नाही, 'कोण करतं' असं विचारायला हवं होतं. सरांना सांगायची हिंमत होत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

फेरचाचणी. नलूबाई भाचीबरोबर आल्या. शालिकराम नऊ तारखेला गेले, हार्ट अटॅकने. मला आज कळलं.

वीस प्रश्न. वीसही वेळा 'नाही जमत'. गुण साठ.

मागच्या वेळी शून्य होते, मी कसंबसं म्हटलं.

"तवा हे होते."